‘एन्ट्री-लेव्हल’ नेमकं कोण?

पत्र सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून आलंय. लिहिणाऱ्यांचं वय ३१. वडिलांनी थाटलेला फोटो स्टुडिओ आता ते चालवतात. दुकानात पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन, फ्रेमिंग असतं, पण घर चालतं लग्नाच्या ऑर्डरींवर. वर्षाला साधारण २५ ऑर्डरी. काम मुख्यतः फोटोंचं. व्हिडिओला माणूस बाहेरून बोलावतात. हाताशी निकॉन डी७५० (डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला जुन्या धाटणीचा कॅमेरा), एफमाउंटची, म्हणजे निकॉनच्या जुन्या जोडणीची २४-१२० झूम, ८५ मिमी एफ/१.८ जी आणि वडिलांच्या काळातली ५० मिमी एफ/१.८ डी. गेल्या सीझनमधून दोन लाख बाजूला पडलेत आणि आता मिररलेस, म्हणजे आरसा नसलेला नव्या पिढीचा कॅमेरा घ्यायचाय. जुन्या लेन्स चालतील म्हणून नजर निकॉनच्या झेड५ टू वर होती. दुकानदार म्हणाला, “तो एन्ट्री-लेव्हल आहे. धंद्यातल्या माणसाने झेड६ थ्रीच घ्यावा.” दोन्हींच्या भावात ९० हजारांच्या आसपास फरक सांगितला, म्हणजे हप्ते आले. त्यातच समोरच्या गल्लीतल्या स्टुडिओने सोनी घेऊन त्याची रील टाकली, आणि पुण्याचा जो स्टुडिओ यांना सुट्ट्या कामाला बोलावतो तिथूनही “सोनी आहे का?” अशी विचारणा होते. वडिलांचं म्हणणं, डी७५० ला काय धाड भरलीय?

पत्राचा शेवट असा: “ताई, कंपनीच ज्याला खालचा म्हणते तो कॅमेरा गळ्यात घालून मी मांडवात उभा राहिलो, तर माझा भावही खालचाच लागेल ना? आणि घेतल्यावर सहा महिन्यांत नवा आला तर?”

तुमचं पत्र दोनदा वाचलं, आणि दुसऱ्या वेळी एक गंमत दिसली. ‘एन्ट्री-लेव्हल’ हा शब्द पत्राच्या मध्यावर दुकानदाराच्या तोंडी आहे. शेवटाला येईपर्यंत तुम्ही तो कंपनीच्या तोंडी घातलात, आणि शेवटच्या ओळीत तर तो तुम्हालाच चिकटला. एका पानात एवढा प्रवास! कॅमेऱ्याकडे वळण्याआधी या शब्दाचंच बघू, कारण तुमची अर्धी धास्ती त्याच्यातच आहे.

एन्ट्री म्हणजे दार, आणि हे दार कंपनीच्या फुलफ्रेम, म्हणजे मोठा सेन्सर (चित्र टिपणारा भाग) असलेल्या कॅमेऱ्यांच्या दालनाचं आहे. अमेरिकेत बाजारात येतानाचे भाव बघा. झेड५ टू साधारण १,७०० डॉलर, झेड६ थ्री २,५००, झेड८ ४,०००, झेड९ ५,५००. हा एक जिना आहे. सगळ्यात खालच्या पायरीला खालची पायरी म्हणतात, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. पायरीवर उभ्या असलेल्या माणसाला काय येतं नि काय येत नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही. पण दुकानदाराला त्या शब्दाचा उपयोग आहे. प्रत्येक पायरीवर असं काहीतरी कमी ठेवावं लागतं की गिऱ्हाइकाने वर बघावं, आणि त्याला वर बघायला लावणं हे काउंटरमागच्या माणसाचं काम. तो खोटं बोलला असं मी म्हणत नाही. तो त्याचं काम करत होता, तुम्ही तुमचं करायचं.

तुमचं काम म्हणजे पायरीचं नाव सोडून द्यायचं आणि तिथे काय कमी ठेवलंय ते शोधायचं. स्वस्त फुलफ्रेम बनवायच्या दोन-चार रीती आहेत, आणि कंपनी कोणत्या रीतीने गेली ते कळलं की कॅमेरा कोणासाठी आहे हे आपोआप कळतं.

पहिली रीत जुनं सामान नव्या डब्यात घालायची. कॅननने फेब्रुवारी २०१९ मध्ये ईओएस आरपी १,३०० डॉलरला आणला तेव्हा त्यात ६डी मार्क टू या डीएसएलआरच्याच वळणाचा २६ मेगापिक्सेलचा सेन्सर होता. दुसरी रीत सोनीची. नवं मॉडेल आलं तरी जुनं दुकानातून हलवायचं नाही, फक्त भाव उतरवायचा. त्यांचा ए७ टू २०१४ चा, पण तो पुढे कितीतरी वर्षं ‘स्वस्तातला फुलफ्रेम’ म्हणून विकला गेला. तिसरी रीत वरच्या मॉडेलचा जीव तसाच ठेवून हातपाय छाटायची. कॅनन आर८ हे त्याचं चोख उदाहरण. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो १,५०० डॉलरला आला, सेन्सर आर६ मार्क टू च्या तोडीचा. मग काय काढलं? बॉडीतलं स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो सांभाळणारी सोय) काढलं, दुसरा कार्ड स्लॉट काढला, मोठी बॅटरी काढून छोटी दिली आणि फोकसची जॉयस्टिकही काढली. फिरतीवर जाणाऱ्या हौशी माणसाला यातलं फारसं काही खटकणार नाही. बॅटरी-कार्डासकट ४६१ ग्रॅमचा हलका कॅमेरा त्याला वरदानच वाटेल. पण लग्नाच्या माणसासाठी दुसरा स्लॉट नसणं म्हणजे विषय संपला. अंतरपाट एकदाच दूर होतो. त्या क्षणाचं कार्ड करप्ट झालं तर कोणत्या तोंडाने सांगणार?

आता तुमच्या झेड५ टू कडे या. याचा थोरला भाऊ, साधा झेड५, जुलै २०२० चा. तो खरोखर दाराशी ताटकळत ठेवलेला कॅमेरा होता. सेकंदाला साडेचारच फोटो निघत आणि फोरके व्हिडिओत चौकट १.७ पट आवळली जाई. तरी त्यात एक विनोद होता. त्याच्याहून महाग असलेल्या २०१८ च्या झेड६ ला एकच स्लॉट होता आणि त्यावरून निकॉनने बोलणी खाल्ली होती, तर या ‘खालच्या’ झेड५ ला दोन. पायऱ्यांची नावं किती मनावर घ्यायची याला एवढा एक दाखला पुरे.

एप्रिल २०२५ मध्ये झेड५ टू आला तेव्हा निकॉनने छाटणी बरीच हात राखून केली. प्रोसेसर एक्सपीड ७, म्हणजे झेड९ आणि झेड८ मध्ये आहे तोच. त्यामुळे चेहरा आणि डोळा पकडून ठेवणारा फोकस वरच्या घरचाच मिळाला. सेन्सर २४.५ मेगापिक्सेलचा, बीएसआय, म्हणजे मागच्या बाजूने उजेड घेणारा. नवलाईचा नाही पण मुरलेला. मेकॅनिकल शटरने सेकंदाला ११ रॉ (प्रक्रिया न केलेले) फोटो, वेगवान यूएचएस-टू एसडी कार्डांचे दोन स्लॉट, बॉडीतच साडेसात स्टॉपचं स्टॅबिलायझेशन (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), ३,००० निट्स इतक्या प्रखर उजेडाचा व्ह्यूफाइंडर, म्हणजे भर दुपारच्या वरातीतही डोळा लावल्यावर चित्र स्वच्छ दिसणार. एफ/१.२ ही खूप उजेड आत घेणारी लेन्स लावली तर उणे १० इव्ही (इव्ही हे उजेडाचं माप) इतक्या अंधारात फोकस होतो असा कंपनीचा दावा आहे. तुमच्याकडे एफ/१.२ नाही, तेव्हा तो आकडा तसाच्या तसा धरू नका. पण डी७५० समईच्या उजेडात पुढेमागे शोधत बसतो, ती कटकट मात्र मिटेल.

मग कुंपण कुठे घातलं? सेन्सरच्या वेगात. झेड६ थ्री मध्ये जून २०२४ साली निकॉनने अंशतः स्टॅक्ड (थर रचलेला) सेन्सर आणला, या जातीचा पहिलाच. तो चित्र फार वेगाने वाचून काढतो. झेड५ टू चा साधा सेन्सर ओळीओळीने, त्या मानाने सावकाश वाचतो. त्याचे परिणाम तीन. फोरके व्हिडिओ सेकंदाला ६० फ्रेमने घ्यायचा तर चौकट दीड पट आवळली जाते आणि तुमची २४ मिमी ३६ सारखी वागते. झेड६ थ्री मध्ये अख्खी रुंदी मिळते. दुसरं, आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर वापरलंत तर हॉलच्या एलईडी दिव्यांखाली फोटोत काळे-पांढरे पट्टे यायची शक्यता झेड५ टू मध्ये जास्त. तिसरं, झपाट्याने हलणाऱ्या गोष्टी त्याच शटरवर तिरक्या होतात. याशिवाय झेड६ थ्री चा व्ह्यूफाइंडर जास्त बारकाव्याचा आहे, एक स्लॉट सीएफएक्स्प्रेस या जास्त वेगवान कार्डाचा आहे, वरच्या बाजूला छोटी माहितीपट्टी आहे. पण या मिरवायच्या गोष्टी. ९० हजारांचा मुख्य ऐवज सेन्सरच्या वेगात आहे.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य इथे कामाला येतं: व्हिडिओला माणूस बाहेरून बोलावतो. म्हणजे जो ऐवज महाग आहे तो तुम्ही वापरणारच नाही आहात! एलईडी पट्ट्यांचं म्हणाल तर झेड५ टू ला मेकॅनिकल शटर आहेच, आणि मांडवात सनई, ढोल आणि आत्याबाईंच्या आवाजात शटरची टिकटिक कोणाला ऐकू जाणार आहे?

हिशेबही मांडून बघा. ९० हजारांचा फरक, वर्षाला २५ ऑर्डरी, कॅमेरा तीन वर्षं मुख्य म्हणून वापरला तर ७५ ऑर्डरी. दर ऑर्डरीमागे १,२०० रुपये, व्याज वेगळं. पार्टीकडून तुम्ही हे १,२०० जास्त घेऊ शकाल का? ‘न आवळलेला सिक्स्टी फ्रेमचा फोरके’ हे कोटेशनमध्ये लिहून? नवरीच्या मामांना ते समजावून सांगतानाचं तुमचं चित्र माझ्या डोळ्यांसमोर येतंय. दुसरीकडे, झेड६ थ्री घेतलात तर दोन लाख संपून वर हप्ता, आणि लेन्सला छदाम नाही. नाकापेक्षा मोती जड ही गोष्ट मी स्वतः करून बसलेय. उमेदीच्या काळात ऐपतीबाहेरची बॉडी घेतली आणि पुढची दोन वर्षं तिच्यावर सोबत आलेली साधी झूम लावून फिरले. फोटो झूमसारखेच यायचे. बॉडीसारखे एकदाही आले नाहीत.

म्हणून लेन्सवर जरा थांबते.

निकॉनमध्येच राहायचं तुमचं कारण, ‘जुन्या लेन्स चालतील’, हे अर्धं खरं आहे. तुमच्या जुन्या एफ माउंटमध्ये लेन्सच्या बुडापासून सेन्सरपर्यंतचं अंतर ४६.५ मिमी, झेड माउंटमध्ये फक्त १६. मधली ३०.५ मिमी जागा एफटीझेड अॅडॅप्टर भरून काढतो, त्यामुळे तुमची २४-१२० आणि ८५ जी बिनबोभाट चालतील, फोकससकट. कारण त्यांच्या पोटात स्वतःची मोटर आहे. वडिलांच्या ५० डी मध्ये ती नाही. तिचा फोकस डी७५० च्या बॉडीतल्या मोटरीने, त्या छोट्या स्क्रूने फिरतो, आणि एफटीझेडमध्ये तसला स्क्रू नाही. म्हणजे झेडवर ती लागेल, फोटोही काढेल, पण फोकस हाताने करावा लागेल. धावत्या लग्नात ते जमायचं नाही. हे मी मुद्दाम खोलात सांगतेय, कारण ‘डी’ अक्षराच्या लेन्स घेऊन आलेले कितीतरी जुने निकॉनवाले अॅडॅप्टर घेतल्यावर मग कपाळाला हात लावतात. वडिलांकडे पोटात मोटर नसलेली ८०-२०० डी वगैरे काही असेल तर तिलाही हेच लागू.

आता कंपनी या सगळ्याकडे कसं बघते? एवढा बरा कॅमेरा तिने खालच्या पायरीवर का ठेवला असेल? जपानच्या कॅमेरा कंपन्यांच्या संघटनेचे आकडे बघितले तर २०१० साली जगभरात १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे बाजारात गेले होते. २०२३ मध्ये ८० लाखसुद्धा नाहीत. खालचा सगळा बाजार मोबाइलने खाल्ला. २०२० पासून मिररलेसची संख्या डीएसएलआरच्या पुढे गेली. उरलेले गिऱ्हाईक थोडे आणि जास्त पैसे मोजणारे, त्यामुळे प्रत्येक कंपनीला ते आपल्या माउंटवर हवे आहेत. बॉडी एकदा विकली जाते, लेन्स पुढची दहा वर्षं. माझ्या मते झेड५ टू हा त्या दाराशी घातलेला सडा-रांगोळीचा कॅमेरा आहे, आणि रांगोळी घातलीय ती बऱ्याच अंशी तुमच्यासारख्यांसाठीच, ज्यांच्या हातात डी६१०, डी७५० आहेत आणि जे अजून उंबरठ्यावर उभे आहेत. सप्टेंबर २०१४ मध्ये आलेला डी७५० ज्या जागेवर होता, म्हणजे ‘सगळ्यात वरचा नाही, पण कमावत्या माणसाचा’, त्या जागेच्या आज सगळ्यात जवळ कोण असेल तर हाच. तुम्ही डी७५० वर इतकी वर्षं लग्नं केलीत तेव्हा तुम्हाला कोणी एन्ट्री-लेव्हल म्हटलं होतं का?

आत गेल्यावर बिल वाढतं हेही तितकंच खरं. त्या बाबतीत सोनीवाल्यांची बाजू बळकट आहे. सोनीने २०११ मध्येच ई माउंटचा मूळ तपशील इतर लेन्स कंपन्यांना खुला केला, म्हणून आज सिग्मा, टॅमरॉनपासून कितीतरी कंपन्यांच्या लेन्स त्यावर मिळतात, जुन्या बाजारातही भरपूर. कॅननच्या आरएफ माउंटवर फुलफ्रेमसाठी ही मोकळीक जवळजवळ नव्हतीच. २०२४ मध्ये सिग्मा-टॅमरॉनला दार उघडलं तेही छोट्या एपीएस-सी सेन्सरच्या लेन्ससाठी. निकॉन मधे कुठेतरी आहे. लग्नवाल्यांची लाडकी टॅमरॉन ३५-१५० एफ/२-२.८ २०२३ पासून झेडवरही मिळते. निकॉनच्या स्वतःच्या ३५ मिमी आणि ५० मिमी एफ/१.४ या लेन्स २०२४ मध्ये बाजारात आल्या तेव्हा ६०० आणि ५०० डॉलरच्या घरातल्या होत्या. झेड६ थ्री चा विचार सोडलात तर त्या ९० हजारांची वाट मला दिसते ती अशी: यातली एक लेन्स, एफटीझेड, दोन जादा बॅटऱ्या, चांगली चार कार्डं. बॅटऱ्यांचं हसण्यावारी नेऊ नका. डी७५० च्या एका चार्जवर १,२३० फोटोंचा अधिकृत आकडा होता. मिररलेसचा पडदा सतत चालू असतो, तिथे इतकी मजल नाही. हळदीला सकाळी सातला सुरू करून रात्री पाठवणीपर्यंत उभं राहणाऱ्याने हे आधीच धरून चालावं.

पुण्याच्या स्टुडिओचा प्रश्न मात्र खरा आहे, आणि तो प्रतिष्ठेचा नाही. ते ‘सोनी आहे का’ विचारतात ते बहुतेक एडिटरच्या सोयीसाठी. चार माणसांनी एका लग्नाचा व्हिडिओ घेतला आणि तीन सोनी, एक निकॉन असं झालं की रंग जुळवताना एडिटर वैतागतो. शिवाय मांडवात लेन्स आणि बॅटऱ्या एकमेकांना देता येतात. त्यांना सरळ विचारा, “मला फोटोला बोलावताय की व्हिडिओला?” फोटोला असेल तर रॉ फाइल द्या, रंगाचा प्रश्न बराचसा सुटतो. व्हिडिओला असेल, आणि त्यांचं काम तुमच्या वर्षाच्या कमाईचा मोठा हिस्सा असेल, तर सोनीचा विचार करण्यात काही गैर नाही. पण मग तो गणित मांडून करा: सगळ्या लेन्स बदलायचा खर्च, आणि त्यांच्याकडून वर्षाला मिळणारे दिवस. तुमच्या पत्रात त्या दिवसांचा आकडा नाही, आणि तो नाही म्हणूनच मला वाटतं की तो फार मोठा नसावा. समोरच्या गल्लीतल्या रीलवर तर मी एवढंच म्हणेन की तिला किती लाइक आले हे तुम्ही मोजलेत, पण त्या कॅमेऱ्याने त्यांच्या अल्बममध्ये काय बदललं हे तुम्ही कुठे लिहिलेलं नाही.

गिऱ्हाईक कॅमेरा विचारतं का? विचारतं कधी कधी, खोटं कशाला बोलू. कोणीतरी मावसभाऊ मॉडेल विचारतो. त्याला सांगा, निकॉनचा फुलफ्रेम, दोन कार्डांवर एकाच वेळी कॉपी होते, लग्नाचा एकही फोटो जाणार नाही. तो पुढचा प्रश्न विचारायचा नाही, आणि शेजारी उभी असलेली मुलीची आई पहिल्यांदा निश्चिंत होईल. हेच वाक्य कोटेशनच्या पहिल्या ओळीत टाका. तिथे मॉडेलचं नाव टाकायची सवय असेल तर मोडा.

सहा महिन्यांत नवा येईल ही भीती कुठून आली? मोबाइलवरून. कॅमेऱ्याचा काळ वेगळा चालतो. झेड५ नंतर झेड५ टू यायला पावणेपाच वर्षं लागली. झेड६ टू ऑक्टोबर २०२० चा, झेड६ थ्री जून २०२४ चा. सोनी ए७ थ्री २०१८, ए७ फोर २०२१. कॅनन आर६ मार्क टू आणि मार्क थ्री यांच्यातही तीन वर्षं गेली. तुमचा झेड५ टू ज्या पायरीवर आहे ती पायरी तर सगळ्यात सावकाश हलते. आणि समजा उद्या नवा आलाच, तर परवाच्या लग्नात तुमच्या कॅमेऱ्यातून वाईट फोटो येऊ लागतील का?

आता घ्यायचं कसं. पत्रावरची तारीख आषाढातली आहे. चातुर्मासात मुहूर्त नाहीत, तुमचा सीझन तुळशीच्या लग्नानंतर उघडणार. म्हणजे हातात तीन-साडेतीन महिने. पुण्यात कॅमेरे भाड्याने देणारी दुकानं आहेत. दोन्ही बॉड्या एकेका दिवसासाठी आणा आणि बारशाला, डोहाळेजेवणाला, हॉलच्या एलईडीखाली चालवून बघा. तुमचा अॅडॅप्टर, तुमच्या लेन्स, तुमचे हात. मी इथे जे लिहिलं त्यातलं काही तुमच्या हातात वेगळं वाटलं तर हातांचं ऐका. दसरा-दिवाळीच्या ऑफर बघून मग घ्या, आणि सीझनआधी मेनू अंगवळणी पडायला निदान तीन आठवडे ठेवा. पहिल्याच लग्नाला नवा कॅमेरा मुख्य म्हणून नेऊ नका.

बिल स्टुडिओच्या नावाने, भारतातल्या वॉरंटीचं. बिनबिलाचा बाहेरून आलेला कॅमेरा काही हजारांनी स्वस्त मिळतो, पण भर सीझनमध्ये शटर गेलं की ते काही हजार कुठे गेले कळतही नाही. डिजिटल कॅमेऱ्यावर २०१९ च्या जानेवारीपासून २८ ऐवजी १८ टक्के जीएसटी आहे. तुमची नोंदणी असेल तर बिलावर नंबर टाकून घ्या, क्रेडिट मिळेल. नसेल तर लिहिलेला भाव हाच खरा भाव. आणि ‘नो-कॉस्ट’ हप्त्याच्या आधी एकच विचारा: रोख दिले तर किती कमी कराल? जेवढं कमी करतील, तेवढी त्या नो-कॉस्टची कॉस्ट. वर प्रोसेसिंग फी असते तीही विचारा.

या निमित्ताने आणखी दोघा-तिघांची पत्रं निकालात काढते. स्वतःच व्हिडिओ करणारे, रात्रीच्या वरातीचा स्लो-मोशन विकणारे: तुमच्यासाठी झेड६ थ्री चा ऐवज खरा आहे, घ्या. घरात कॅननच्या ईएफ (जुन्या डीएसएलआरच्या) लेन्सचं कपाट असलेले: झेड५ टू ची चर्चा तुमच्यासाठी नाही, आर६ मार्क टू चा उतरलेला भाव बघा, त्याला दोन स्लॉट आहेत. आणि कॉलेजातली ती मुलगी, जिला आयुष्यातला पहिलाच कॅमेरा फुलफ्रेम हवाय: बाई गं, फुलफ्रेमच्या ३६ गुणिले २४ मिमी सेन्सरचं क्षेत्रफळ एपीएस-सीच्या सव्वादोन-अडीच पट असतं. त्याचा फायदा म्हणजे अंधारात स्टॉपभर जास्त सवलत. किल्ल्यांवरच्या उन्हात तुला तो स्टॉप लागणार नाही. निकॉनच्या एपीएस-सी झेड५०टू मध्येही तोच एक्सपीड ७ आहे, आणि उरलेल्या पैशांत हरिश्चंद्रगड, राजगड, नाणेघाट सगळं करून होईल.

परत तुमच्याकडे. वडिलांना उत्तर हवंय, तर डी७५० विकू नका. आज त्याचे मिळतील किती, आणि दुसरी बॉडी नसताना लग्नाला जाणं हा जुगार तुम्ही आजवर खेळलात तो पुरे. मांडवात डी७५० वर वडिलांची ५० डी लावून खांद्याला राहू दे, एरवी तीच जोडी दुकानात पासपोर्ट फोटोंसाठी स्टँडवर. दोघंही खूश राहतील, लेन्स आणि वडील.

भाड्याने दोन्ही कॅमेरे आणाल तेव्हा एकाच जागी, एकाच उजेडात, एकाच लेन्सने त्यांचे चार-चार फोटो काढा. ते आठ फोटो मला पाठवा. कोणता कशाने काढलाय ते पाकिटात घालून वडिलांकडे ठेवा. मी इथून ओळखायचा प्रयत्न करते.